पीएच प्रोब तीन महिन्यांच्या वर टिकतच नाही. चूक प्रोबची का आमची?

वाघूरचं_पाणी
१२ मे, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीजवळ एका फूड प्रोसेसिंगच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंटला आहे, चार वर्षं झाली, पण ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट) माझ्या गळ्यात जानेवारीपासून पडलंय. न्यूट्रलायझेशन टँकवर एक पीएच प्रोब आहे (पाणी आम्लधर्मी का अल्कधर्मी ते मोजणारी काचेच्या बल्बची कांडी, ७ म्हणजे मधोमध) आणि त्याच्या आकड्यावर चुन्याचा डोझिंग पंप चालू-बंद होतो. जानेवारीपासून हा तिसरा प्रोब. नवीन लावला की पंधरा दिवस नव्या जावयासारखा वागतो. मग रेंगाळायला लागतो, म्हणजे पाण्याचा पीएच बदलला तरी आकडा हलायला पाच-सात मिनिटं, तोवर पंप आपला चुना ओतत बसतो, पीएच १० च्या वर जातो, मग ऑपरेटर घाबरून ॲसिड सोडतो. चुना पण जातोय, ॲसिड पण जातंय आणि साहेबांच्या शिव्या खात मधे मी जातोय.

देखभाल काय करतो ते पण लिहितो नाहीतर तुम्ही तेच विचाराल. दर सोमवारी ७ आणि ४ च्या बफरने (पीएच ठरलेली द्रावणं) कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा त्यांच्याशी जुळवून घेणं. शनिवारी संध्याकाळी प्लँट बंद होतो तेव्हा प्रोब काढून धुतो आणि रविवारभर स्वच्छ डीएम (सगळे क्षार काढलेल्या) पाण्यात बुडवून ठेवतो, म्हणजे वाळायला नको. सप्लायर म्हणतो तुमचं पाणीच खराब. मॅनेजर म्हणतात आधीचा माणूस एक प्रोब वर्षभर चालवायचा, लॉगबुकात एकच टॅग नंबर आहे बघ. आता नवीन प्रोबचा इंडेंट (मागणी) टाकला तर स्टोअरवाला पण माझ्याकडे चोरासारखा बघतो.

तुमच्याकडे किती टिकतो? आणि मी नेमकं काय चुकतोय?

शून्य_मिलिव्होल्ट
१२ मे, रात्री ११:०५

बफरमधे प्रोबमधून किती मिलिव्होल्ट वीज येते ते टाका. पीएचचा आकडा नको, कॅलिब्रेशन केल्यावर आकडा बरोबरच दिसणार, तो पोपट आहे, शिकवलं ते बोलतो. ट्रान्समीटरच्या डायग्नोस्टिक मेनूत जा, तिथे कच्चे मिलिव्होल्ट दिसतात.

भरीत_पुरी
१२ मे, रात्री ११:२०

मला यातलं काही कळत नाही, आमचा चटईचा कारखाना, तिथे पीएच लागत नाही. पण "नव्या जावयासारखा" वाचून धागा फॉलो केलाय. 😄

तापीकाठचा_म्हातारा
१३ मे, सकाळी ६:१५

अरे बाबा डीएम पाण्यात कोण ठेवतं प्रोब! तुला कोणी सांगितलं हे?

मी दीपनगरला औष्णिक केंद्रात ३१ वर्षं काढली, त्यातली २० वर्षं पाणी मोजण्यातच गेली, म्हणून जरा हक्काने बोलतो. डीएम पाणी म्हणजे उपाशी पाणी. त्यात काही नसतं म्हणून ज्याला त्याला ओढायला बघतं. प्रोबच्या आत संदर्भाचं जे इलेक्ट्रोड असतं त्याच्या भोवती केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइड, एक मीठ) द्रावण असतं, आणि ते बाहेरच्या पाण्याशी एका बारीक सच्छिद्र टोपणातून बोलत असतं. ते टोपण म्हणजे जंक्शन. तू दर रविवारी ३६ तास त्याला उपाशी पाण्यात ठेवतोस, ते पाणी आतलं मीठ शोषतं, संदर्भ ढासळतो. शिवाय काचेच्या बल्बवर जो पाण्याने मऊ झालेला पातळ थर असतो, ज्याच्यामुळे काच पीएच ओळखते, त्याच्यातले पण आयन निघून जातात. वाळू नये म्हणून ठेवतोस हे बरोबर, पण ज्यात ठेवतोस ते चूक.

३ मोलर केसीएलमधे ठेव. नवीन प्रोबला जी ओली टोपी येते ना, ती फेकून देतात लोक. ती जपून ठेव, त्यात चार थेंब केसीएल टाकून घालायची. केसीएल नसेल तर ४ चा बफर चालतो, तोही नसेल तर एका रात्रीपुरतं नळाचं पाणी पण डीएमपेक्षा बरं.

वाघूरचं_पाणी
१३ मे, दुपारी १:४०

काका, आमच्या आधीच्या लॅब असिस्टंटने सांगितलं होतं, "जेवढं शुद्ध पाणी तेवढं चांगलं". आता काय बोलू.

मिलिव्होल्ट बघून आलो. ७ च्या बफरमधे उणे १२ आणि ४ मधे अधिक १३९. ४ मधे टाकल्यावर आकडा स्थिर व्हायला जवळपास तीन मिनिटं लागली, मी उभाच.

शून्य_मिलिव्होल्ट
१३ मे, दुपारी २:१०

बघा, १३९ आणि १२ मिळून १५१ मिलिव्होल्ट, तीन पीएचच्या अंतरासाठी. म्हणजे एका पीएचला साधारण साडेपन्नास. पाहिजे किती? २५ डिग्रीला ५९.१६. तर ८५ टक्के झाले. पण थांबा, तुमच्या शेडमधे आज बफरचं तापमान काय होतं? जळगावात आज २५ डिग्री फ्रीजमधेच असणार.

वाघूरचं_पाणी
१३ मे, दुपारी २:२५

३८ 😐

शून्य_मिलिव्होल्ट
१३ मे, दुपारी २:४०

मग अजून वाईट. हा आकडा केल्विन तापमानाच्या प्रमाणात वाढतो, ३८ ला तो ६१.७ व्हायला पाहिजे. म्हणजे खरा स्लोप (एका पीएचला पाहिजे त्यातले किती मिलिव्होल्ट मिळतात ते) साधारण ८२ टक्के. ९५ च्या वर असला की मी खुश असतो, ९० च्या खाली गेला की धुतो, आणि धुऊन पण ८५ च्या वर येत नसेल तर शोकसभा. तुमचा उणे १२ चा ऑफसेट (७ मधे शून्य यायला पाहिजे, त्यातला फरक) मात्र ठीक आहे, ३० च्या आत आहे, म्हणजे संदर्भ अजून मेलेला नाही. माझा अंदाज, प्रोब मेला नाही, मळलाय. हळू चालणारा प्रोब बहुतेक वेळा मळलेला असतो. तुमच्याकडे चुना आहे, काय मळ असेल ते सांगायला ज्योतिषी नको.

लॅबवाली_ताई
१३ मे, संध्याकाळी ७:३०

डेअरीच्या लॅबमधे आहे, बारा वर्षं. दोन गोष्टी.

एक, मळ कसला आहे ते आधी ओळखा, मग धुवा. आमच्याकडे दुधाचं प्रथिन बसतं, त्याला नुसतं ॲसिड लावून काही होत नाही, पेप्सिन घातलेलं हायड्रोक्लोरिक लागतं, म्हणजे पोटात जे असतं तेच. तेल-तूप असेल तर भांड्याचं लिक्विड आणि कोमट पाणी, किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. जंक्शन काळं पडलं असेल तर सल्फाइड, त्याला थायोयुरिया. चुना असेल तर ५ टक्क्याचं हायड्रोक्लोरिक एक-दोन मिनिटं, नसेल तर सरळ व्हिनेगर. आणि कृपा करून ॲसिडमधे पाणी ओतू नका, पाण्यात ॲसिड ओता, चष्मा घालून. आमच्याकडे एका पोराने ज्या बादलीत आधी ब्लीचिंगचं पाणी होतं त्यातच ॲसिड ओतलं होतं. क्लोरीन सुटला, अख्खी लॅब बाहेर मोगऱ्याच्या झाडाखाली उभी, खोकत.

दोन, बल्ब फडक्याने पुसू नका. टिश्यूने टिपायचा, घासायचा नाही. घासलं की काचेवर स्थिर विद्युत बसते आणि आकडा नाचत राहतो, शिवाय चरे पडतात ते वेगळंच. तुम्ही नक्की शर्टाला पुसत असणार, सगळे इन्स्ट्रुमेंटवाले पुसतात.

वाघूरचं_पाणी
१३ मे, रात्री ८:००

शर्टाला नाही ताई. कॉटन वेस्टला.

लॅबवाली_ताई
१३ मे, रात्री ८:०२

🤦‍♀️

नाईटशिफ्ट_धुळे
१४ मे, पहाटे ३:१०

मी तर म्हणतो रोज कॅलिब्रेट करा, झंझटच नाही. आम्ही प्रत्येक शिफ्टला करतो, रजिस्टरमधे सही असते. ऑडिटवाले पण खुश.

तापीकाठचा_म्हातारा
१४ मे, सकाळी ६:०५

धुळेकर भाऊ, रोज कॅलिब्रेट करणं म्हणजे रोज घड्याळाचे काटे फिरवणं. घड्याळ मागे पडतंय का पुढे ते कधी कळणारच नाही. रोज फक्त तपासायचं. धुतलेला प्रोब बफरमधे घालायचा, ०.१ च्या आत आहे ना, मग हात लावायचा नाही, आकडा वहीत लिहायचा. फरक जास्त निघाला तर पुन्हा धुवायचा, पुन्हा बघायचा, आणि तरीही फरक राहिला तरच कॅलिब्रेशन. मळलेला प्रोब कॅलिब्रेट केलास तर तू मळाला प्रमाण मानलंस. दोन दिवसांनी मळाचा एक पोपडा गळतो आणि आकडा भलतीकडे जातो, मग लोक म्हणतात ड्रिफ्ट झाला. ड्रिफ्ट कसला, तूच केलास तो.

नाईटशिफ्ट_धुळे
१४ मे, पहाटेच्या ड्युटीनंतर, सकाळी ७:५०

काका तुमचं वीज केंद्र. तिथे प्रत्येक मीटरला एक माणूस. आमच्याकडे रात्री मी एकटा, ईटीपी पण मी, बोअरची मोटर पण मी आणि गेटवर कुत्रं आलं तर ते हाकलायला पण मी. धुवा-बघा-पुन्हा धुवा कोण करणार? बटण दाबलं, झालं. पण वहीत नुसता आकडा लिहायचं पटलं, ते करून बघतो.

बफर_४
१४ मे, सकाळी ११:३०

यावरून आमचा किस्सा. नाव घेत नाही, एका कारखान्यात होतो. पीएचचा ट्रेंड एवढा सरळ की पट्टी ठेवून काढल्यासारखा, ७.० ते ७.१, सगळा महिना. सगळे खुश, मॅनेजरने तर मीटिंगमधे स्क्रीन दाखवली. मग एक बाहेरचे इन्स्पेक्शनवाले साहेब आले, त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमचं पाणी इतकं आज्ञाधारक कसं काय?" प्रोब काढून बघितला तर बल्ब फुटलेला. फुटलेल्या काचेला दोन्हीकडे सारखंच पाणी, व्होल्टेज शून्य, आणि शून्य मिलिव्होल्ट म्हणजे सात. लिंबू पिळा नाहीतर चुना टाका, सातच. तेव्हापासून आकडा हलत नसला की मला जास्त भीती वाटते.

शून्य_मिलिव्होल्ट
१४ मे, सकाळी ११:४५

माझ्या आयडीचा असा अपमान पहिल्यांदाच झाला.

एमपीसीबी_ग्रस्त
१४ मे, दुपारी ४:००

साखर कारखान्यात आहे, आमचं दुखणं वेगळं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मधे १७ प्रकारच्या उद्योगांना आउटलेटवर ऑनलाइन मॉनिटरिंग लावायला सांगितलं, त्यात साखर, डिस्टिलरी, वीज केंद्रं सगळी आली. त्यामुळे आमचा पीएच सरळ सर्व्हरवर जातो. प्रोब बफर ४ मधे घातला की तिकडे ४ दिसतो, डिस्चार्जची मर्यादा ५.५ च्या वर, मग ईमेल, मग फोन, मग साहेबांचा रक्तदाब. मेंटेनन्स मोडमधे टाकल्याशिवाय प्रोबला हात लावायचा नाही हे मला दोनदा शिव्या खाऊन कळलं. आणि कधी टाकलं, कधी काढलं ते वेळेसकट लिहून ठेवायचं.

जुगाड_जळगाव
१४ मे, दुपारी ४:२०

मीटरचा आकडा पुढे नेणाऱ्या ४-२० मिलिॲम्पच्या लूपला एक रेझिस्टर लावून द्या, ७.४ वर फिक्स. ना प्रोब, ना बफर, ना ईमेल. 😎

एमपीसीबी_ग्रस्त
१४ मे, दुपारी ४:२५

हे गमतीत असेल तर ठीक. खरोखर करणारे मी पाहिलेत आणि त्यांना नोटीस आलेली पण पाहिली आहे. ट्रेंड बघणाऱ्याला पाच मिनिटात कळतं, खरं पाणी असं वागत नाही, वर बफर_४ भाऊंनी लिहिलंच आहे. आणि ते पाणी शेवटी कोणाच्या तरी विहिरीत जातं भाऊ. माझं गाव नाल्याच्या खालच्या अंगाला आहे.

जुगाड_जळगाव
१४ मे, दुपारी ४:४०

गमतीतच होतं हो. माफी.

चोपड्याचा_केळीवाला
१४ मे, रात्री ९:१५

राम राम बठास्ले. मी कारखान्याचा माणूस नही, मन्ही केळी शे, साडेचार एकर, ड्रिपवर. पण तुमचा धागा पूर्ण वाचला. फर्टिगेशनसाठी (ड्रिपमधून खत द्यायला) ईसी (पाण्यातून वीज किती वाहते ते) आणि पीएचचे दोन पेन घेतले ऑनलाइन. ईसीचा पेन मोटरच्या खोलीत पत्र्याखाली पडलेला असतो. सकाळी विहिरीचं पाणी १.१ दाखवतो, दुपारी तेच पाणी १.४. पाणी तेच, विहीर तीच. आणि पीएचचा पेन तर काय बी दाखवतो. हा पेनचा दोष का उन्हाचा?

लॅबवाली_ताई
१४ मे, रात्री ९:४०

दादा, उन्हाचा. पाणी तापलं की त्यातून वीज जास्त वाहते, एका डिग्रीला साधारण २ टक्के. १५ डिग्रीचा फरक पडला की ३० टक्के वाढ, तुमचे १.१ चे १.४ बरोबर तेवढेच होतात. चांगला पेन तापमान मोजून आकडा २५ डिग्रीवर आणतो, स्वस्तातला आणत नाही, किंवा पेनच पत्र्याखाली तापलेला असतो आणि पाणी गार, तर चुकीचं दुरुस्त करतो. पेन सावलीत ठेवा, पाण्यात दोन मिनिटं हलवून मग वाचा, म्हणजे बुडबुडा पण निघून जाईल. बुडबुडा अडकला की आकडा कमी येतो.

तपासायचं असेल तर १४१३ मायक्रोसिमेन्सचं द्रावण मिळतं, छोटी पाकिटं घ्या, एकदा फोडलं की वापरून फेकायचं, परत बाटलीत ओतायचं नाही. पेनवर १४१३ दिसलं किंवा १.४१ दिसलं तर घाबरू नका, मायक्रो आणि मिलीचा फरक आहे.

आणि पीएचचा पेन कोरडा ठेवता ना? ईसीचा पेन धुऊन कोरडा ठेवला तरी चालतो. पीएचचा कोरडा ठेवला की गेला. दोन्ही एकाच डबीत ठेवणारे खूप आहेत.

चोपड्याचा_केळीवाला
१४ मे, रात्री ९:५५

ताई, एकाच डबीत शे. 🙏 उद्याच वेगळे करस.

भरीत_पुरी
१४ मे, रात्री १०:१०

मंडळी, मी आता घरात चहाचा पीएच काय असेल याचा विचार करतोय. बायको विचारते काय झालं.

लॅबवाली_ताई
१५ मे, सकाळी १०:२०

चहाचं राहू द्या, लिंबाचं सांगते. पीएच ही कल्पना १९०९ ची, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन यांनी मांडली, म्हणजे बीअरच्या घरात जन्मली. पण कुठेही नेता येईल असं मजबूत मीटर बनवलं ते कॅलिफोर्नियात बेकमन यांनी, १९३४ मधे, आणि निमित्त काय, तर लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायचा होता. त्यांच्या एका मित्राचं काम फळवाल्यांच्या संस्थेत होतं. काचेच्या बल्बमधून येणारी वीज इतकी क्षीण की साध्या मीटरची सुई हलेना, म्हणून बेकमननी व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प्लिफायर जोडला. आजही दुखणं तेच आहे, काचेचा रोध शेकडो मेगाओहम असतो. म्हणून केबलच्या कनेक्टरला ओला हात लावला तरी आकडा हलतो.

शून्य_मिलिव्होल्ट
१५ मे, सकाळी १०:५०

ताईंनी कनेक्टरचा विषय काढला म्हणून सांगतो, पहिल्या पावसानंतर बघा, निम्म्या खानदेशातले पीएच मीटर "बिघडतात". बिघडत काही नाही, जंक्शन बॉक्समधे (केबल जोडायची पेटी, प्रोबचं जंक्शन नव्हे) ओल जाते. शेकडो मेगाओहमच्या शेजारी ओलीचा रस्ता मिळाला की सिग्नल तिकडून पळतो. आयसोप्रोपिलने पुसा, वाळवा, सिलिका जेलची पुडी टाका. आणि केबल तुटली तर साध्या वायरचा जोड मारू नका, हे तर पाप आहे.

नाईटशिफ्ट_धुळे
१६ मे, पहाटे २:४५

विषय निघालाच आहे तर माझा डीओ मीटर (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजतो). एरेशन टँकमधे ९.१ दाखवतोय. हवा सोडणारा ब्लोअर एकच चालू आहे. साहेब म्हणतात छान, ऑक्सिजन भरपूर आहे, दुसरा ब्लोअर बंदच ठेव, वीज वाचते. पण गाळ काळा पडायला लागलाय आणि वास पण येतोय.

तापीकाठचा_म्हातारा
१६ मे, सकाळी ६:१०

पाण्याचं तापमान किती?

नाईटशिफ्ट_धुळे
१६ मे, सकाळी ६:५०

३६

तापीकाठचा_म्हातारा
१६ मे, सकाळी ७:१५

मग ९ येणंच शक्य नाही रे राजा. २५ डिग्रीला लिटरभर पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त ८.२६ मिलिग्रॅम मावतो, ३५ ला ६.९५, ४० ला ६.४. तुझ्या टँकमधे स्वतः वरुणराजा येऊन उभा राहिला तरी ७ च्या वर जाणार नाही. आणि बॅक्टेरिया जेवत असताना तर २ असला तरी पुष्कळ. मेम्ब्रेनवाला (पातळ पडद्याचा) प्रोब आहे ना? काढ, धू, ओल्या फडक्याच्या वर हवेत धर, फडक्याला लागू न देता, सावलीत. दहा-पंधरा मिनिटात ७ च्या आसपास यायला पाहिजे. तरी ९ च दाखवला तर मेम्ब्रेन फाटलेली आहे. बदल, आतलं इलेक्ट्रोलाइट नवीन भर, बुडबुडा राहू देऊ नको. आणि प्रोब पोलॅरोग्राफिक असेल तर लगेच कॅलिब्रेट करू नको, चालू ठेवून काही तास स्थिरावू दे.

तोवर दुसरा ब्लोअर चालू कर. वीज वाचवायला गाळ, म्हणजे त्यातले बॅक्टेरिया, मारलास तर परत वाढवायला महिना जाईल.

नाईटशिफ्ट_धुळे
१७ मे, पहाटे ४:३०

फाटलेली निघाली. नखाएवढी चीर. बदलली, आता १.६. साहेबांना दाखवलं तर म्हणाले "आधीचा मीटर चांगला होता".

भरीत_पुरी
१७ मे, सकाळी ८:००

🤣🤣 साहेब अमर आहेत.

तापीकाठचा_म्हातारा
१७ मे, सकाळी ८:४०

साहेबावरून आठवलं. आमच्याकडे बॉयलरच्या वाफेत सिलिका २० पीपीबीच्या आत ठेवायचं, म्हणजे शंभर कोटी भागात वीस भाग. तेवढं मोजायचं तर सॅम्पल आधी थंड करून २५ डिग्रीला आणावं लागतं. मे महिन्यात भुसावळच्या ४६ डिग्रीत चिलर हात टेकायचा, सॅम्पल ३८ ला यायचं, आणि कंट्रोल रूममधून फोन, पीएच उतरला, अमोनिया वाढवू का. अरे उतरला नाही, पाणी गरम आहे! मीटरचं तापमान कॉम्पेन्सेशन काचेचं गणित दुरुस्त करतं, पण गरम झाल्यावर पाण्याचा स्वतःचाच पीएच बदलतो ते नाही दुरुस्त करत. हे मी दर उन्हाळ्यात नव्या इंजिनिअरला सांगायचो. दर उन्हाळ्यात इंजिनिअर नवीन असायचा.

वाघूरचं_पाणी
१८ मे, रात्री ९:३०

लोकहो, रविवारी फॅक्टरीत जाऊन बसलो होतो, घरचे म्हणाले वेडा झाला.

प्रोब काढला. उजेडात धरला तर बल्बवर पांढरट साय, दुधावर येते तशी, आणि जंक्शनच्या भोवती गोल पांढरा पोपडा. रोज बघत होतो पण मला वाटायचं काचच तशी आहे. ५ टक्के ॲसिड केलं, पाण्यात ॲसिड ओतून, ताई. बुडवल्यावर बारीक बुडबुडे निघाले, फसफस, पंधरा-वीस सेकंदात साय फाटली आणि सरकत खाली गेली. आतली काच पहिल्यांदाच स्वच्छ दिसली. मग नळाच्या पाण्याने धुऊन तासभर केसीएलमधे ठेवला. केसीएल आमच्या स्टोअरमधे नव्हतं, शेजारच्या कंपनीतून मागून आणलं, चहाच्या कागदी कपात. बफरमधे ७ ला उणे ३ आणि ४ ला १७२. वीस सेकंदात स्थिर.

शून्य_मिलिव्होल्ट
१८ मे, रात्री ९:४५

१७५. म्हणजे ३८ डिग्रीला साधारण ९५ टक्के. मेलेला प्रोब उठून बसला! आधीचे दोन कुठे आहेत? फेकले नाहीत ना?

वाघूरचं_पाणी
१८ मे, रात्री ९:५०

एक भंगारात गेला. दुसरा माझ्या ड्रॉवरमधे. कोरडा. 😔

शून्य_मिलिव्होल्ट
१८ मे, रात्री ९:५५

रात्रभर केसीएलमधे ठेवून बघा. कधी कधी उठतो, कधी नाही. आणि प्रोबची जागा बघा. चुना जिथे पडतो तिथेच प्रोब असेल तर तो पाण्याचा पीएच नाही, चुन्याचा पीएच मोजतोय. ढवळून झाल्यावरच्या पाण्यात पाहिजे. आणि आडवा किंवा उलटा बसवू नका, आडव्यापासून निदान १५ अंश वर, नाहीतर आतला हवेचा बुडबुडा बल्बमधे येऊन बसतो.

वाघूरचं_पाणी
२९ जून, रात्री १०:१५

दीड महिन्याने अपडेट.

प्रोब तोच आहे. मंगळवार आणि शुक्रवार ॲसिडमधे एक मिनिट, रोज सकाळी ७ च्या बफरमधे फक्त तपासणी, आकडा वहीत. दीड महिन्यात कॅलिब्रेशन दोनदाच केलं. जागा बदलली, चुन्याच्या पाइपापासून दूर, ॲजिटेटरच्या पलीकडे. रविवारी केसीएलची टोपी. चुन्याच्या गोण्या किती कमी लागतात ते स्टोअरवाल्यानेच मॅनेजरला सांगितलं, मी तोंड पण उघडलं नाही. पहिल्या पावसात आकडा नाचला होता, जंक्शन बॉक्स उघडला तर आत पाली आणि ओल दोन्ही. ड्रॉवरमधला प्रोब नाही उठला.

आता खरी गंमत. तो "वर्षभर एक प्रोब चालवणारा" आधीचा माणूस, त्याचा नंबर मिळवून फोन केला. पाचोऱ्याकडे आहे आता. त्याला विचारलं भाऊ एक प्रोब वर्षभर कसा चालवला. तो इतका हसला. म्हणे, एक नव्हता रे, दोन होते. एक आठवडाभर टँकमधे, दुसरा केसीएलमधे आराम करत, सोमवारी बदलायचो. दुसरा स्पेअरमधून घेतला होता, त्याला टॅग नंबर लावायचं राहून गेलं, मग नवीन टॅगसाठी फॉर्म, सह्या, कोण करत बसणार, म्हणून वहीत एकच नंबर.

तापीकाठचा_म्हातारा
३० जून, सकाळी ६:००

हुशार माणूस. आम्ही पण असंच करायचो, फक्त टॅग लावून. इंडेंट टाक दुसऱ्या प्रोबचा.

वाघूरचं_पाणी
३० जून, सकाळी ९:१०

टाकला. मॅनेजर म्हणाले, "एक चांगला चाललाय ना आता, मग दुसरा कशाला?"

लॅबवाली_ताई
३० जून, सकाळी ९:३०

आणि तुम्ही आणलेला केसीएलचा कागदी कप? त्याच्यावर नाव लिहिलंत ना? आमच्याकडे एकाने मीठ समजून काकडीवर घेतलं होतं.

एमपीसीबी_ग्रस्त
१८ ऑगस्ट, सकाळी ११:००

धागा वर काढतोय. कानबाईच्या रोटांसाठी (आमचा श्रावणातला सण) तीन दिवस गावी गेलो होतो, गाळप बंद आहे म्हणून सॅम्पल लाइनचा पंप कोणीतरी बंद करून ठेवला. फ्लो सेल (सॅम्पल वाहतं ती प्रोबची कोठडी) रिकामा, आत प्रोब कोरडा खडखडीत, वर मिठाचे पांढरे खडे. स्लोप ७८. केसीएलमधे टाकून ठेवलाय. किती तास वाट बघू?

शून्य_मिलिव्होल्ट
१८ ऑगस्ट, सकाळी ११:२०

उद्या सकाळपर्यंत. कोमट नळाच्या पाण्याने खडे आधी विरघळवून घ्या, खरवडू नका. आणि फ्लो सेलच्या पुढे पाइपाला एक वर उचललेलं वळण द्या, पंप बंद झाला तरी सेलमधे पाणी साचून राहील.

चोपड्याचा_केळीवाला
१८ ऑगस्ट, दुपारी १२:०५

कानबाई आमच्याकडे बी व्हती. मी जाण्याआधी पेनच्या टोपीत केसीएल भरी ठेवेल व्हतं. आज ७.० ना बफरमां ६.९८ दाखवस. 😁

लॅबवाली_ताई
१८ ऑगस्ट, दुपारी १२:१०

दादा, बफर किती गरम आहे? ३८ ला तो ६.९८ च असतो!